कमळाबाईंची जांभळी रेघ

तर काल चिंधाला आपण सिल्वासाजवळच्या मसाटच्या सूत कारखान्यातल्या दवाखान्यात बसवून ठेवला होता, तो अजून तिथंच आहे. साल एक्क्याण्णव, वार शनिवार. रिकाम्या बॉबिनांच्या ट्रॉलीचं चाक दोन दिवसांपूर्वी त्याच्या नडगीला घासलेलं. अन् समोर कमळाबाई, धुळ्याकडच्या, बारा वर्षं कामगारांच्या पट्ट्या बांधत आलेल्या.

बाईंची एक खोड होती. जखम धुतली की भोवतीच्या लालीच्या कडेकडेनं त्या पेन्सिलीनं रेघ ओढायच्या. पेन्सिल नवऱ्यानं पॅकिंगमधून आणलेली, खोक्यांवर नंबर टाकायची, जिभेला लावली की जांभळी उठणारी. त्यामुळं बाईंची जीभ बारमाही जांभळी. लोक म्हणायचे, बाईंनी सकाळीच जांभळं खाल्ली. बाई म्हणायच्या, खाल्ली, तुमच्या वाटची पण.

सकाळी आठला रेघ मारून त्यांनी चिंधाला बाकावर निजवला. पण त्याचा जीव कामावर परतायच्या चिठ्ठीत. तोही हेल्परच, अन् सोमवारी प्रकाशसाहेब चार हेल्परांना कायम करणार होते, अन् आजारी माणसाचं नाव यादीत कोण घालतो? डॉक्टर मेधाताई आठवड्यातून दोनदाच यायच्या. किरकोळ खरचटण्यासाठी 'कामाला फिट' अशा सही केलेल्या चिठ्ठ्या त्यांनी बाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या. नाव तेवढं घालायचं.

दुपारी बाराला चिंधानं पाय पुढं केला. "बघा बाई, पुवाचा थेंब नाही. ही काय जखम झाली?"

खोटं नव्हतं ते. पाण्यासारखं पातळ काहीतरी पाझरत होतं, बस. पू नाही म्हणजे जखम गोड, चिघळायची नाही, हे बाईंच्या माहेरी सगळे मानायचे, अन् बाईही मानायच्या. त्यांनी चिठ्ठी काढली, पेन्सिल जिभेला लावली, पहिलं अक्षर लिहिलं, अन् सवयीनं नजर नडगीवर गेली. लाली रेघ ओलांडून दोन बोटं वर चढली होती.

चिठ्ठी परत ड्रॉवरमध्ये गेली. चिंधानं आधी विनवण्या केल्या, मग टोमणा मारला की तुमचा पोरगा असता तर दिली असती. बाई म्हणाल्या, पोरगा असता तर कानफटात ठेवून नेला असता, तू परका म्हणून टेम्पोत बसवते. अन् खरंच, टेम्पोत घालून त्यांनी त्याला सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात नेला. तिथले डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत थांबला असतात तर पायाची खात्री नव्हती. पेनिसिलिन चालू झालं. येताना बाईंनी नाशिकच्या प्रकाशसाहेबांना गेटवरच गाठलं अन् एक जागा आठवडाभर राखून ठेवायला लावली.

मंगळवारी मेधाताई आल्या. त्यांनी हा प्रकार बाईंना कारखान्याच्याच भाषेत सांगितला. अंगात जंतू शिरला की रक्तात भोंगा वाजतो. तो ऐकून पांढऱ्या पेशी धावत येतात, लढतात, मरतात, त्यांचाच पू होतो. चिंधाच्या पायातला हा जंतू मात्र अंगावरच कात्री घेऊन हिंडतो. त्याच्या सालीवर एक एन्झाइम बसलेलं असतं, ते भोंग्याच्या हाकेचं शेपूटच छाटून टाकतं. हाक पोचत नाही, पाळीवाले खोलीत झोपलेले, अन् चोर आत मोकाट. म्हणून पू नाही. हे शास्त्रज्ञांनाही आत्ता आत्ता कळायला लागलंय, असं त्या म्हणाल्या.

बाईंना ते फार पटलं. पुढं कितीतरी वर्षं त्या पट्टी बांधताना ज्याला त्याला ती कात्री समजावत राहिल्या.

पाचव्या दिवशी लाली रेघेच्या आत परतली. पुढच्या सोमवारी चिंधा कायम झाला, अन् पहिला पेढा त्यानं दवाखान्यात आणला, तोही जरा मान खाली घालूनच.

पेढा खाता खाता मेधाताईंनी विचारलं, मी पुण्याला जातेय, तिथून तुमच्यासाठी काय आणू? अन् दटावलंही, की हा जंतू पुष्कळदा माणसाच्या घशातच मुक्काम ठोकून असतो, तिथून जिभेवाटे पेन्सिलीवर अन् पेन्सिलीवरून जखमेत उतरतो, तेव्हा पेन्सिल जिभेला लावणं आजपासून बंद. कमळाबाईंनी जांभळी जीभ पटकन आत घेतली अन् म्हणाल्या,

"मग ताई, न चाटता उठणारी पेन्सिल आणा. पांढरी मिळाली तर बरंच, आमच्या सावळ्या पायांवर जांभळी रेघ माझी मलाच दिसत नव्हती, म्हणून तर चिंधाच्या वेळी तीनदा चाटली."