टेबलामागची वायर

त्या दिवशी खोलीत आमी चौघं होतो. कम्प्युटरचे साहेब, टायपिंग करनारी बाई, ठेकेदाराचा मुकादम, अन् झाडूवाली म्हनून मी. ऊर्जानगरच्या बिजलीघरात तवा कम्प्युटर नवेच आले होते. माहा नवरा पाय मोडून घरी पडला होता. चूल माह्याच मजुरीवर पेटे.

मी झाडून गेली का कम्प्युटर मुका होये. मुकादम म्हने, "झाडतं का वायरी उपटतं वं? उद्यापासून येऊ नको."

घरी जाऊन नवऱ्याले काय सांगू, येवढंच माह्या मनात.

वायर पाहाले साहेब टेबलामागं घुसले. निंगाले तं डोक्याले सारं जाळं.

ते मुकादमाले म्हने, "अरे भाऊ, इथी तं या बाईचा झाडू कधी पोचलाच नाई!"

टायपिंगवाली बाई फिसकन हासली. मी म्हनलं, "वायरीपाशी जाऊ नको म्हनून तुमीच सांगतलं होतं, साहेब."

मंग साहेबानं वाकून दाखवलं. कम्प्युटरच्या पोटात एक कार्ड होतं, त्याचं चपटं तोंड मागं निंगे. त्यात जाड वायर बसे. तिचं दुसरं टोक भिंतीवरच्या डबीत. ते डबी लांबलचक पिवळ्या केबलले चिमटून होती. कार्ड डबीले सांगे, डबी केबलले, तवा दुसऱ्या खोलीतल्या कम्प्युटरले समजे. पन कार्डापाशी वायरीले पेच नव्हता, नुसती सरकती पत्र्याची पट्टी. जड वायर लोंबे, टेबलाले जरा धक्का लागला का पट्टी सरके, तोंड सुटे.

"आता इले धरून कोन बसन?" साहेब म्हने.

"आमी मांडवावरच्या भोपळ्याले झोळी बांधतो," मी म्हनलं. "देठावर भार येत नाई."

"मंग बांधा."

कमरेले जुन्या लुगड्याचं फडकं होतं, ते फाडलं. साहेबानं पट्टी सरकवून दाबली, मुकादमानं वायर उचलून धरली, मी टेबलाच्या आडव्या दांडीले झोळी बांधली.

"वायरीले लुगडं नेसवलं वं माय!" बाई म्हने.

मुकादम माह्याकडे न पाहता बोलला, "उद्या टायमावर ये."

घरी सांगतलं तं नवरा खूप हासला. हासता हासता डोळे पुसले त्यानं. मीबी मंग भाकरी थापाले बसली.

तुमच्या इथी मशीन बंद पडली तं पह्यले मागं वाकून वायर पाहा. झाडनारीले मंग बोला.