इंगळे मॅडमचा गर्दीचा तास

इंगळे मॅडम वर्गात आल्या की हजेरीच्या आधी मागचं दार स्वतः ढकलून पाहायच्या. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मॅडम, पंखा सुरू आहे, हवा येते." त्या म्हणाल्या, "हवेसाठी नाई पाहून राहिली मी. उद्या धूर झाला तर तुमी कुठून निघान?"

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात सार्वजनिक सुरक्षा या विषयाचा पदवीवर्ग नुकताच सुरू झाला होता. मॅडम पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या, अकोल्याहून बसने यायच्या. मी भातकुलीची. पोलीस व्हायला पदवीत शिकायचं काय असतं, हे आमच्या घरी कुणाला कळत नव्हतं. खरं तर मलाही नाही.

कलमं त्या भराभर उरकायच्या. गर्दीवर आल्या की रेंगाळायच्या. "गर्दी पयले भेते, मंग माजल्यासारखी दिसते. भेलेल्या माणसाले दंडा काहून दाखवता?"

दुसऱ्या वर्षी गणेश विसर्जनाला आम्ही विद्यार्थी मॅडमसोबत स्वयंसेवक होतो. तलावाच्या अरुंद रस्त्यावर भरदुपारी एक ट्रॅक्टर बंद पडला. मागच्यांना ते दिसेना, रेटा वाढत गेला. एक बाई लेकराला डोक्यावर धरून रडू लागली. मी शिट्टी तोंडाला लावली, तसा मॅडमनी माझा हात खाली केला आणि बाजूच्या बोळातून मला गर्दीच्या पार मागे नेलं. तिथे मागून आणखी एक मिरवणूक येतच होती. मॅडम तिच्यासमोर, भर रस्त्यात मांडी घालून बसल्या.

ढोल थांबले. मंडळाचा एक जण तावातावाने आला. "मॅडम, उठा. मिरवणूक अडून राहिली आमची."

"अडू दे. पुढं लेकरं चेंगरून राहिले. बस माह्याजवळ."

त्याने पुढच्या गर्दीकडे पाहिलं, मग बसला. त्याच्यामागे बाकीचेही बसले. मागून येणारी माणसं थांबली तसा पुढचा दाब हळूहळू सुटला. ती बाई लेकराला घेऊन बोळातून बाहेर आली. मॅडम साडीची धूळ झटकत एवढंच म्हणाल्या, "चाल, च्या पिऊ."

पदवी झाली, भरतीत माझी निवड झाली. प्रशिक्षणाला निघाले तेव्हा अकोला स्टेशनवर मॅडम भेटायला आल्या होत्या. गाडी हलताना म्हणाल्या, "परेडले येतो मी. वर्दीत पाहाची हाये मले तू."

प्रशिक्षण संपल्यावरच्या त्या परेडच्या आधीच मॅडम हृदयविकाराने गेल्या. शेवटच्या दर्शनालाही मला रजा मिळाली नाही.

आता माझी नेमणूक अकोल्यातच आहे. मॅडमचं घर ठाण्याजवळ. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते. पहिल्यांदा गेले तेव्हा या मावशींनी कपाटातून एक मोतिया रंगाची साडी काढली. इस्त्री केलेली, घडी न मोडलेली. "तुह्या परेडसाठी घेतली होती ताईनं. नेतं का तू?"

मी नको म्हटलं. ती तिथेच असू दे. तेवढ्या निमित्ताने त्या घरी मला जाता येतं.