टोल्यांनंतरचा आवाज

आमच्या मंडईसमोरच्या जुन्या मनोऱ्याला तडा गेलाय. हादऱ्यांनी तो वाढू नये म्हणून पालिकेने घंटेचा हातोडा बांधून ठेवलाय. घड्याळ चालतं, टोले मात्र पडत नाहीत. पूर्वी बाराचे टोले सुरू झाले की खाली कोणाचंच कोणाला ऐकू येत नसे. म्हणून ते संपेपर्यंत सगळे गप्प राहायचे. भांडणारेसुद्धा; आणि टोल्यांनंतर त्यांचा आवाज उतरलेला असायचा.

काल दुपारी नारळवाल्या दत्तूने गाडा पुन्हा फुलवाल्या शांताबाईंच्या जागेत सरकवला. शांताबाईंनी दोन नारळ उचलून रस्त्यावर भिरकावले. दत्तू तरातरा पुढे आला. हातात कोयता होता. तो बहुधा विसरला असेल; आम्ही बघे विसरलो नव्हतो. तरी मधे कोणी पडेना. मीही पिशवी छातीशी धरून उभी.

तेवढ्यात सवयीने शांताबाईंनी वर पाहिलं. दत्तूनेही पाहिलं. काटे बारावर आले होते. दोघं थबकले आणि सगळा चौक न पडणाऱ्या टोल्यांसाठी गप्प झाला.

वेळ काय, हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. पण भर रागात माणसाला तोंड मिटून उभं करणारं या गावात दुसरं काय आहे, मला आठवेना. आणि ही सवय तरी किती दिवस टिकणार?

दत्तूची नजर खाली आली, स्वतःच्या हातावर थांबली. त्याने कोयता पोत्याखाली सारला.

“उद्या घेतो गाडा मागं.”

“आत्ताच घे,” शांताबाई म्हणाल्या. पण आवाज टोल्यांनंतरचा होता.