आयनं हात जोडले नव्हते

"हिला अजून काळी कर."

शूटिंगचा सायेब बोलला. माझ्याकडं बघून नाय, रंगवाल्या पोराकडं बघून. पोरानं डबीत बोटं घातली नि माझ्या गालावर, कपाळावर, मानेवर काळं चोळलं. मी ठाकराची बाई. जन्म उन्हात गेला. उन्हानं केली तेवढी काळी हाय. सायबाला कमी पडली.

"हां. आता आदिवासी वाटते," सायेब बोलला.

इतकी वर्सं मी कोन होते मंग?

मी धुतलेलं, बाजाराला जायचं लुगडं नेसून गेले होते. त्याच्या पदराला कातर मारली. फाटकं दिसाया पायजे बोलले. गळ्यात हाडांची माळ घातली, ती पन प्लॅस्टिकची. आमच्या वाडीत हाडूक कुत्रा तोंडात धरतो. बाई गळ्यात घालत नाय. पन सांगायचं कुनाला? खुर्चीत बसलेल्याला कान नसतात.

कर्जतच्या अंगाला डोंगराखाली शूटिंगवाल्यांनी खोटं गाव बांधलंय. चौकाच्या नाक्यावर टेंपो लागायचा. मानसं पुरवनारा एक दादा होता, तो वाडीवाडीतनं आमाला भरून न्यायचा. कवा बाजारातली गर्दी, कवा मयतातली गर्दी. रड बोलले का रडायचं, पळ बोलले का पळायचं. मोळी वाहन्यापरीस बरं. मान तरी मोडत नाय.

त्या दिवशी मला एकटीला पुढं काढली. समोर हिरो. खाकी कपडे, जंगलखात्याचा मोठा सायेब झालेला. हातात कोयता.

दादा बोलला, "म्हातारे, सोप्पं हाय. हा तुला कोयता परत देतो. तू रडायचं नि पाया पडायचं. बोलायचं काय नाय."

कोयता बघितला नि मी वळखलं. ही गोष्ट माझ्या आयची होती.

आयनंच मला सांगलेली. मी तवा तिच्या कडेवर. आय रानात चुलीला फाटी आनायला गेली नि गार्डानं तिचा कोयता हिसकला. कोयता गेला म्हंजे हात गेला. फाटी नाय, भाकर नाय. आय त्याच्या मागं मागं चालत गेली ती त्याच्या घरापर्यंत. दारात बसली. रडली नाय. ओरडली नाय. हात जोडले नाय. नुसती बघत बसली. गार्डानं शिव्या दिल्या, ही बघते. गार्ड जेवाया बसला, ही बघते. उन्हं कलली. मंग गार्डाची बायकोच कोयता घेऊन भायेर आली. बोलली, "ने गं बाई. माझ्या घरात घास उतरत नाय." आयनं कोयता उचलला नि घरी आली. एवढीच गोष्ट. आमच्याकडं दुसरी इस्टेट नाय.

आमच्या वाडीत गोष्ट सांगायची एक रीत हाय. ऐकनाऱ्यानं हुंकार द्यायचा. सांगनारी थांबली का त्यानं बोलायचं, हुं. हुं आलं का गोष्ट पुढं. हुं नाय आलं का तिथंच बंद. जो हुं देतो तो साक्षीदार. उद्या कुनी गोष्ट वाकडी सांगली तर तो बोलतो, अशी नाय, मी हुं दिलाय.

आधीच्या एका शूटिंगला जेवनाच्या सुट्टीत एक लिवनारा बाबू आला. "आजी, तुमचं काहीतरी सांगा ना." मी सांगली. आजूबाजूच्या बाया हुं देत होत्या. बाबू फोनात बघत होता नि जिलेबी खात होता. एकदा पन हुं बोलला नाय. मला वाटलं, शेहरातला हाय, रीत म्हाईत नसंल.

त्याची रीत येगळी होती. ऐकायचं फुकट नि विकायचं आपल्या नावानं. आनि विकताना आयला वाकवायचं. तिनं बसून मिळवलेला कोयता हिरोच्या हातनं द्यायचा. म्हंजे देव कोन? खाकीवाला.

मी बोलले, "माझी आय पाया पडली नाय. मी पडनार नाय."

दादाचं तोंड उतरलं. "अगं ए, शिनेमा हाय ह्यो. खराखुरा थोडाच हाय?"

"मंग खोट्यात पन नाय."

सायेब खुर्चीतनंच हसला. "कोणाची आई? ही काय बोलते? बाजूला काढा हिला. दुसरी म्हातारी आणा."

म्हातारी म्हंजे झाडू. एक झिजली, दुसरी आना.

माळ काढून मी त्याच्या पायाशी टाकली. तोंड धुवाया पानी मागितलं. दादा बोलला, "पानी आर्टिस्ट लोकांचं हाय." तशीच काळ्या तोंडानं चालत निघाले. गाडीवरची पोरं बघून हसली. वढ्याला बसून तोंड घासलं. उन्हाचा रंग ऱ्हायला, सायबाचा गेला.

दुसऱ्या वाडीची एक म्हातारी पाया पडली. तिला मी बोल लावत नाय. पोट हाय. पन टेंपोत मला परत कुनी घेतली नाय.

मंग तो शिनेमा टीवीवर लागला. शेजारीन दारात येऊन बोलली, "तुझी आय तर पाया पडली गं! आख्ख्या जगानं बघितली." थट्टाच केली तिनं. पन मला भाकर गोड लागली नाय. आयचा फोटू नाय. माझ्याबिगर तिला बघितलेलं कुनी ऱ्हायलं नाय. आता जगात तिचं तेवढंच दिसनं. वाकलेली. रडनारी.

माझी नात मनी खोपोलीला कॉलेजात जाते. ती एक दिवस बोलली, "आजे, आता फोनात यंत्र आलंय. सांगू तसं चित्र काढतं, ते चालतं, बोलतं. कॅमेरा नको, हिरो नको."

"सायेब?"

"सायेब पन नको."

"मंग बस खाली."

मी सांगते, ती लिवते. पयलं चित्र आलं नि मी हसून हसून ठसकले. गोरीपान पोरगी, डोक्यात मोराची पिसं, मागं गोल झोपडी. आमच्यात गोल घर कोन बांधतो? कारवीच्या कुडाचं चौकोनी घर आमचं. मनीनं परत लिवलं. पिसं गेली, घर आलं, बाई काळी झाली. पन दारात हात जोडून बसलेली. डोळ्यांत पानी.

"मनी, हात जोडाया तू सांगलंस?"

"नाय गं आजे. त्याच्या त्यानंच जोडले."

"कुठं शिकला ह्यो?"

"जगातली चित्रं बघून, शिनेमे बघून."

"तरीच. सायबाच्याच शाळंत शिकलाय. सोडव तिचे हात."

परत लिवलं. परत जोडले. यंत्र पन तसलंच, सायबाचं भावंड. पन एक फरक हाय. त्याला परत सांगता येतं. ते खुर्चीतनं हसत नाय. हिला बाजूला काढा बोलत नाय. आनि मी सांगून थकत नाय. जन्मभर मोळ्या वाहिल्यात, ही काय मोळी?

शेवटी मी उठले. आय बसली तशी उंबऱ्यात बसले. पाठ सरळ, हात गुडघ्यावर, डोळे कोरडे. "माझा फोटू काढ नि त्याला दाव. बोल, अशी बसली होती." मनीनं दावला. यंत्रानं त्यातनं बाई केली, माझ्याहून तरनी, कडेवर पोर.

हात सुटले.

मी पदर तोंडाशी धरला नि बघत ऱ्हायले. मनीनं पन फोन हलवला नाय.

गोष्ट माझ्या आवाजात घातली. वाडीतल्या बाया अंगनात बसवल्या, त्यांचा हुं पन घातला. ती शेजारीन पन बसली. तिचा हुं सगळ्यांत मोठा.

फोनाफोनातनं ते लांब गेलं. मंग एक दिवस दादा गाडीवरनं आला. दारातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसला. "आजी, सायबांनी बघितलं. बोलले, कल्पना चांगली हाय, पन यंत्राचं काय खरं नसतं. आपन नीट मोठा शिनेमा करू. तुमाला पन रोल देऊ."

काल म्हातारे होते, आज आजी झाले.

"पाया पडायचा रोल?"

"तसं नाय हो. थोडं इमोशनल."

"खाली बस," मी बोलले. "मी गोष्ट सांगते. तू हुं दे."

त्यानं सारवलेल्या जमिनीकडं बघितलं. "पँट खराब व्हईल."

"मंग जा."

गेला. खुर्ची तशीच पडली होती, ती मी उलटी करून भिंतीला लावली.

मनीला हाक मारली. "यंत्र काढ गं. आता त्या दिवसाची गोष्ट. डबी, कातर, माळ, समदं घाल. सायबाला राक्षस करू नको, हाय तसा दाव, खुर्चीत. तेवढ्यानं भागंल."

"आनि तू, आजे?"

"मला उभी दाव. मी पाया पडले नाय, तिथनं सुरू कर."

बाया अंगनात येऊन बसल्या होत्या. मी सुरू केलं.

"हुं," शेजारीन बोलली.