मोहनकाकांचा पासवर्ड

मोहनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत कॉम्प्युटरचा तास घेत होते. फोनवर काकूच होत्या. "अगं, हे गेले," एवढंच म्हणाल्या... आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" पाच आठवडे झाले, मला अजून नीट उमगलेलं नाही.

भाईंदर पश्चिमेला आमची चार मजल्यांची बिनलिफ्टची सोसायटी. काका तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते वही घेऊन माझ्याकडे लिनक्स शिकायला आले आणि वर्षभरात त्यांनी काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक कॉम्प्युटर पंपाच्या खोलीत बसवला. पालिकेचं पाणी टाकीत पडायला लागलं की तो सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही, हे मीच शिकवलेलं. त्यांनी ते तंतोतंत पाळलं.

मग पाण्याची वेळ सकाळची संध्याकाळवर गेली आणि मेसेज थांबले. काका जिने चढून दारं वाजवू लागले. "पाणी आलंय हां." दोनदा तर पाणी नसतानाही माझ्या दारात तेच म्हणाले. मी हसले, तेही हसले. वाटलं, घरात करमत नसेल. मध्ये एकदा म्हणाले होते, "वैशाली, तो पासवर्ड चूक सांगतोय गं." मी पेपर तपासत होते. "कॅप्स लॉक बघा, काका," म्हटलं आणि मान खाली घातली.

ते गेल्यावर सेक्रेटरी शहाभाई म्हणाले, "मॅडम, वो डब्बा अब आप ही देखो." मी त्याचं मेमरी कार्ड काढून माझ्या लॅपटॉपला लावलं, सुरू होताना तो जी फाइल वाचतो तिच्यात एक सूचना वाढवली. कार्ड परत बसवून स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला, तर काही न विचारता तो थेट आत घेऊन गेला. नवा पासवर्ड टाकला, सूचना पुसली. दहा मिनिटांचं काम. बिघाडही नव्हताच, काकांनी लिहिलेला प्रोग्राम फक्त सकाळी सहा ते आठ पाणी बघत होता. वेळ तेवढी बदलायची होती.

पण नोंदींची फाइल उघडली आणि मी गोंधळले. चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड... पानंच्या पानं. अडीच महिने, रोज. कुणी बाहेरचं घुसू बघतंय का? मग लक्षात आलं, हा प्रत्येक प्रयत्न पंपाच्या खोलीतच, त्याला कीबोर्ड जोडून झालेला होता.

मी काकूंकडे गेले. त्या पालेभाजी निवडत होत्या.

"त्यांना आठवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पासवर्डच नाही, बरंच काही. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

"मला तरी विचारायचं ना, काकू."

"तेच विचारायला यायचे तुझ्याकडे. तीन जिने चढेपर्यंत कशाला आलो ते डोक्यातून जायचं. मग तू दार उघडलंस की काहीतरी बोलायला हवं म्हणून..."

मी खाली बसले आणि त्यांच्यासमोरची अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.