इरा झोपली का?

हे किस्से मी सांगतोय खरे, पण मला ते नीट आठवतात याची खात्री नाही. जन्मभर फिजिक्स शिकवलं, पीएच.डी. केली, आणि आता कानांत यंत्र आहे, आणि स्वतःचा चष्मा कुठे आहे हे बायकोला विचारावं लागतं. शिवाय घरात तान्हं मूल आलं की किस्से धुतलेल्या भांड्यांसारखे एकावर एक साचतात. खालचा काढायला जावं तर वरचे सगळे कोसळतात! तेव्हा क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

आम्ही राहतो पनवेलजवळ, करंजाड्यात. सुनेची, केतकीची, बाळंतपणाची रजा संपली तेव्हा तिचे साहेब म्हणाले, "एक महिना घरून काम करून बघा. जमलं तर पुढेही तसंच करू." रोज दुपारी तिची मीटिंग असायची. आणि आमची नात इरा दुपारी झोपायची जेमतेम अर्धा तास! मीटिंग रंगात आली की हिचा भोंगा सुरू.

एकदा जेवताना केतकी अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, इरा दुपारी सलग झोपायला लागली नाही, तर मला राजीनामा द्यावा लागेल."

ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. 

*

पहिला उपाय माझा. दारावर मोठ्या अक्षरांत बोर्ड लावला : 'बाळ झोपले आहे. कृपया बेल वाजवू नये.'

दुपारी बेल वाजली. दारात कुरिअरवाला. मी बोर्डाकडे बोट दाखवलं.

"वाचला ना सर," तो म्हणाला. "म्हणून तर एकदाच वाजवली!"

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांनीही बोर्ड वाचला होता. त्यांना फक्त विचारायचं होतं, मुलगा की मुलगी?

*

करंजा बंदरावरून मासळी घेऊन येणारी एक मावशी आहे. तिची हाक पार तळमजल्यावरून ऐकू येते. माझी बायको सुलभा तिला म्हणाली, "अगं, बाळ झोपतं. जरा हळू."

मावशीने ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवून दाराला तोंड लावून कुजबुजली, "बाय, ताजी कोलंबी हाय. घेताव का नाय?"

समोरच्या नसरीनभाभींनी दार उघडलं. मावशी इकडेतिकडे बघत कुजबुजतेय, सुलभा मान डोलावत गुपचूप पिशवी पुढे करतेय.

"या अल्लाह!" भाभीही कुजबुजल्या. "चोरीचा माल आहे की काय?"

मावशीने मान हलवली, "नाय ओ भाभी!"

"असू दे, असू दे. मला पण दोन वाटे टाक!"

*

मग सुलभाला कल्पना सुचली. "अहो, तुमच्या वर्गात पोरं पटापट झोपायची म्हणता ना? मग या एकीचं काय अवघड आहे?"

टोमणा होता, पण मला पटला. इराला मांडीवर घेतलं आणि थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सुरू केला. आवाज वर्गातलाच ठेवला, एकसुरी.

इरा माझ्याकडे टक लावून बघत राहिली. पापणीसुद्धा हलवेना. मी एंट्रॉपीपर्यंत पोहोचलो तरी तिचं लक्ष ढळलं नाही. इतकं मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला नोकरीत कधी मिळाला नाही. मिळाला तो नेमका नको तेव्हा!

*

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई हसल्या. "बाळं झोपेत मधेच चुळबुळतात, कुरकुरतात. ती जागी झालेली नसतात. लगेच उचलू नका. थोडं थांबा, इरा आपली आपण पुन्हा झोपेल."

आम्ही तिघांनी माना डोलावल्या. पण आमच्या घरात थांबायची पद्धतच नाही! इराचा 'ऊं' पुरा व्हायच्या आत कुणीतरी तिला उचललेलं असायचं.

एका दुपारी ती अजिबात कुरकुरली नाही. झालं! श्वास चालू आहे ना? पाय न वाजवता आत गेलो. पडदे लावून खोली अंधारी केली होती. चाचपडत तिच्या नाकाखाली बोट नेलं, तर तिथे आधीच एक बोट होतं!

मी दचकलो. "कोण?"

"मी," सुलभा म्हणाली. "श्वास बघतेय."

मागून दार करकरलं. केतकी मीटिंग म्यूट करून आली होती. "आई, बाबा, ती झोपलीये ना?"

इराने डोळे उघडले. वर तीन डोकी बघून तिला फार मजा वाटली. त्या दिवशी ती पुन्हा झोपली नाही.

संध्याकाळी सुलभाने फर्मान काढलं, "यापुढे ती झोपली की कुणीही आत जायचं नाही. आणि तुम्ही तर नाहीच!"

तरी मी जातच राहिलो.

*

महिना संपत आला. केतकीला साहेबांसमोर आणि परदेशातल्या लोकांसमोर प्रेझेंटेशन द्यायचं होतं. त्याच्यावर सगळं ठरणार होतं. ती आपल्या खोलीत गेली. इरा आतल्या खोलीत झोपली, आणि मी तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो.

नेमकं त्याच दिवशी माझं कानाचं यंत्र बंद पडलं! दोन्ही कानांतलं, एकदम. मी घाबरलो. सुलभाला खुणेने सांगितलं, तिने खुणेनेच 'बसा' म्हटलं. ती माझ्या शेजारी मूठ घट्ट मिटून, डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, नामस्मरण चाललंय.

अर्धा तास झाला. माझे कान ठार बंद, आतून काही ऐकू येईना. मी मधेच उठायला लागलो, तर सुलभाने दुसऱ्या हाताने माझा सदरा धरून खाली बसवलं. डोळे मिटलेलेच! असं दोनदा झालं.

बऱ्याच वेळाने केतकी बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच कळलं. तिने सुलभाला मिठी मारली. इरा अजून झोपलेलीच होती. आणि चहाच्या वेळी सुलभाने यंत्र पुसून हातात दिलं, तर ते आपोआप सुरू झालं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "पोर एकदाही रडली नाही! लागली एकदाची सवय!"

आता इरा शाळेत जाते, आणि केतकी त्याच कंपनीत साहेब झाली आहे. परवा मी तिला एकटीला गाठून विचारलं आणि खात्री करून घेतली. इरा त्या दिवशी दोनदा रडली होती, चांगली भोकाड पसरून, आणि दोन्ही वेळा आपली आपण झोपली. आणि माझ्या यंत्रातले सेल सुलभाच्या मुठीत होते.