सरळ रेघांची यादी

माझं अक्षर चांगलं नाही, पण रेघा मी सरळ मारतो. पट्टी न घेता. तीस वर्षांच्या नोकरीत साहेब लोकांनी माझं जे काही कौतुक केलं ते एवढ्याचंच.

मी रायपुरात एका जेलच्या ऑफिसात बाबू होतो. ते जेल आता शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि झाल्याबरोबर गावात सगळंच कमी पडायला लागलं. बंगले कमी पडले, खुर्च्या कमी पडल्या, कैद्यांना जागाही कमी पडली. तेव्हा सिलतऱ्याच्या वाटेवर एका रिकाम्या धान्य गोदामाला गज बसवून जोडजेल उघडलं. तीन हॉल, एक आवार, एक ऑफिस. पावसाळ्यात भिंतींना जुन्या तांदळाचा वास यायचा. पुढे काही वर्षांनी ते बंद झालं. मधल्या काळात तिथे तीन माणसं मेली आणि एक माणूस घरी जायचा राहिला. दोन्ही गोष्टींना कारण मी केलेली एक यादी.

लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्याला जेलात ऑफिसच्या कामाला बसवतात. त्याला राइटर म्हणतात. आमचा राइटर जन्मठेपेचा कैदी होता, साठीला टेकलेला. नळावरच्या भांडणात त्याच्या हातून एक माणूस गेला होता. त्याबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला, तेही मी विचारलं म्हणून. अक्षर मात्र मोत्यासारखं. माझी निम्मी रजिस्टरं तोच लिहायचा आणि मी खाली सही ठोकायचो. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते आमच्या ऑफिसात उलटं होतं. दळणारा डोळस होता.

प्रत्येक कैद्याचं एक हिस्ट्री टिकट असतं. टिकट म्हणजे घडीचं जाड कार्ड. कधी आला, काय काम केलं, कधी भांडला, काय शिक्षा झाली, सगळं त्यात. राइटरच्या टिकटात चौदा वर्षांत एकही तक्रार नव्हती. चौदा वर्षं तो कोणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. कोणी शिवी दिली तर हा चष्मा पुसायला लागायचा. हे सगळं एकाच गोष्टीसाठी. टिकट कोरं असेल तर मुदतीआधी सुटकेचा कागद सरकारच्या सुटका मंडळापुढे जातो, आणि त्याचा कागद त्या हिवाळ्यात जायचा होता. त्याची मुलगी धमतरीकडच्या एका खेड्यात दिलेली होती. दर महिन्याला भेटीला यायची. बापासाठी तिने घरामागे एक खोली बांधली होती आणि दर दिवाळीला ती रिकामी खोली छुईने, म्हणजे इथल्या पांढऱ्या मातीने, पोतारून ठेवायची. भेट झाली की राइटर मला सांगायचा, ‘‘बाबूजी, इस साल भी पोत दी है.’’ जशी काही सरकारी इमारतच.

मग वरून हुकूम आला. नवीन राज्यात सगळं नियमाने चालणार. कैद्याने रजिस्टराला हात लावायचा नाही. राइटरला ऑफिसातून काढून आवारातल्या भाजीच्या वाफ्यांवर लावलं, आणि त्याची ऑफिसामागची झोपायची जागाही गेली. त्याने चष्मा पुसला आणि खुरपं घेतलं.

आता रजिस्टरं माझ्याकडे आली. कोणत्या हॉलमध्ये कोण झोपतं याची राइटरने ठेवलेली यादी मी पहिल्यांदा नीट वाचली आणि माझं डोकं फिरलं. कशाचा कशाला मेळ नव्हता. एकाच गल्लीतले दोघं, एक पहिल्या हॉलात, दुसरा तिसऱ्यात. मधल्या दुसऱ्या हॉलात सगळे म्हातारे, खोकणारे आणि भजन म्हणणारे. ना नावाप्रमाणे, ना गुन्ह्याप्रमाणे, ना तारखेप्रमाणे. मला अव्यवस्था सहन होत नाही. माझी बायको म्हणते की मी पोह्यातले शेंगदाणेसुद्धा एका बाजूला लावतो. ते खरं आहे.

मी ठरवलं की ही यादी माणसासारखी करायची. आणि इथे माझं विदर्भाचं रक्त आडवं आलं.

माझे वडील रेल्वेत होते. ते रायपूरला आले तेव्हा आईला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. पण पुरानी बस्तीत आम्ही राहायचो त्या गल्लीत आमच्याच तालुक्यातली चार घरं होती, आणि त्या चार घरांच्या जोरावर ती माउली इथे टिकली. इथल्या आमच्या मराठी मंडळात आजही नवीन माणूस आला की नोकरी, पगार काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न, मूळ गाव कोणतं? गाव जुळलं की झालं. गणपतीच्या पंगतीतसुद्धा माणसं गाव बघून बसतात. गाववाला शेजारी असला की माणसाला घास गोड लागतो, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो. त्यावर शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही.

रायपुरात वस्तीला पारा म्हणतात. मी स्वतः आता बूढापाऱ्यात राहतो. तर मी यादीत एक नवीन रकाना घातला: पारा. कोण कुठल्या पाऱ्यातला ते लिहिलं आणि एका पाऱ्यातली माणसं एका हॉलात आणली. घरी बसून तीन संध्याकाळी हे काम केलं. बायको म्हणाली, ‘‘एवढ्या रेघा काहून मारून राहिले? त्या लोकाईले काय मेडल देता?’’

मी म्हणालो, ‘‘तुले नाही समजत. आपल्या माणसात राहिले तं थोडे सुखात राहतील बिचारे.’’

हे मी मनापासून म्हणालो. नंतर चौकशीत मी बरंच काही मनापासून बोललो नाही, पण हे बोललो होतो.

यादी झाली तेव्हा एका पाऱ्यातले सगळ्यात जास्त निघाले. त्या पाऱ्याचं नाव घेत नाही, तिथे माझा दूधवाला राहतो. ते सगळे मी दुसऱ्या हॉलात टाकले. राइटरही मूळचा त्याच पाऱ्यातला, चौदा वर्षांपूर्वीचा. त्याला झोपायला जागा हवीच होती. मी त्यालाही तिथे टाकला, आणि मला फार बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याला शेवटचे दोन-तीन महिने आपल्या माणसांत काढता येतील.

अदलाबदलीच्या आदल्या दिवशी तो खिडकीशी आला. हाताला माती. ‘‘बाबूजी, सुना है लिस्ट बदल रही है. एक बार दिखा देते.’’

मी म्हणालो, ‘‘ऑर्डर है. तुम अब लिस्ट नहीं देख सकते.’’

‘‘हव,’’ तो म्हणाला. छत्तीसगढीत ‘हव’ म्हणजे हो. पण तो गेला नाही. ‘‘बस इतना बता दो, तालाब के इस पार वाले और उस पार वाले...’’

‘‘ऑर्डर है,’’ मी पुन्हा म्हणालो, आणि खिडकी लावून घेतली. माणसाच्या अंगात हुकूम आला की त्याला कानांची गरज उरत नाही.

त्या पाऱ्याच्या मधोमध एक तलाव आहे. कारखान्यांतून निघणारं भंगार लोखंड कोणी उचलायचं यावरून तलावाच्या अलीकडची टोळी आणि पलीकडची टोळी सात-आठ वर्षं एकमेकांची डोकी फोडत होत्या. वैर दूरच्या माणसाशी होत नाही, ते शेजारच्याशीच होतं. हे माझ्या आईच्या चार घरांत कोणी मला सांगितलं नव्हतं, पण पाऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. राइटरला माहीत होतं. म्हणून त्याने एक टोळी पहिल्या हॉलात ठेवली होती, दुसरी तिसऱ्यात, आणि मध्ये खोकणाऱ्यांची भिंत घातली होती. कागदावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्या साहेबांना आणि शिपायांना माहीत होतं, ते राज्याची वाटणी झाली तेव्हा भोपाळच्या वाट्याला गेले होते. राहिलेले आम्ही सगळे जेलला नवीन, मीही दुसऱ्या खात्यातून आलेला. आमच्या साहेबांनी माझी यादी हातात धरून लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि म्हणाले, ‘‘एकदम राजधानी वाली लिस्ट.’’ सही केली.

अदलाबदल शांततेत झाली. कोणी कुरकुर केली नाही. दोन्हीकडचे आपापली वळकटी घेऊन आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. मी गजांतून पाहिलं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला वाटलं, समाधान आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी डाळ वाटताना सुरू झालं. कोणाच्या ताटाला कोणाचा धक्का लागला, एवढंच. ताटं ॲल्युमिनियमची होती आणि त्यांतल्या काहींच्या कडा फरशीवर घासून आधीच तयार होत्या. म्हणजे दोन दिवस ते समाधानाने हेच करत होते. धोक्याच्या घंटेला जेलात पगली घंटी म्हणतात. ती वाजली तेव्हा माझ्या हातात चहा होता. नियम असा की घंटा वाजली की बाबूने वेळ लिहायची. मी वेळ लिहिली. मग ऑफिसला आतून कडी घातली आणि टेबलाखाली बसलो. असा नियम नव्हता. वीस मिनिटं मी टेबलाच्या खालच्या बाजूला सुताराने पेन्सिलीने लिहिलेलं माप वाचत होतो. ते मला आजही पाठ आहे.

तीन माणसं मेली. दोन अलीकडची, एक पलीकडचा. त्यांतला एक विशीतला होता, दोन दिवसांपूर्वी मीच त्याला विचारलं होतं, आता बरं वाटतं ना?

राइटर संडासाच्या दाराशी सापडला. आत दोघं लपले होते, एक अलीकडचा, एक पलीकडचा, आणि हा बाहेरून दार धरून बसला होता. त्याचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. उजवा शाबूत राहिला. ऑफिसच्या दृष्टीने हे पुढे उपयोगी पडलं.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. सभ्य गृहस्थ होते, चहात साखर नको म्हणाले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ही यादी कोणत्या तत्त्वावर केली? मी उत्तर दिलं, ‘‘कार्यालयीन सुविधा के अनुसार.’’ त्यांनी ते लिहून घेतलं. माझी आई, तिची चार घरं, राइटरचा खिडकीतला प्रश्न, यातलं काहीच मी बोललो नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढं तरी म्हणता आलं असतं. घरी आलो तर बायकोने विचारलं, ‘‘तुमचं नाव तं नाही ना आलं कुठं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग जेवा.’’

मी जेवलो.

चौकशीचा निकाल असा लागला की दुसऱ्या हॉलातल्या सरसकट सगळ्यांच्या टिकटावर नोंद करायची: दंग्यात सामील. सरसकट म्हणजे राइटरच्याही. ज्या दोघांना त्याने वाचवलं ते काही बोलले नाहीत. एकाच दाराआड वैऱ्याबरोबर लपलो हे कबूल केलं असतं तर त्यांना त्यांच्याच माणसांनी मारलं असतं. बोलू शकणारा एक मीच होतो. एक कागद पुरला असता. ‘हा कैदी त्या हॉलात माझ्या चुकीने गेला, त्याने सावध केलं होतं, मी ऐकलं नाही.’ तीन ओळी. त्या ओळी मी मनात इतक्या वेळा लिहिल्या की त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या. पण कागदावर उतरवल्या असत्या तर तीन मयत माझ्या नावावर आले असते, आणि नोकरी गेली असती. मी भित्रा निघालो. याला दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला, मिळाला नाही.

टिकटं ढीगभर होती आणि मुदत दोन दिवसांची. साहेब म्हणाले, ‘‘अरे, उस बुड्ढे को बुला लो, उसका हाथ तेज है.’’ कैद्याने रजिस्टराला हात लावायचा नाही हा हुकूम कोणालाच आठवला नाही. मलाही नाही.

राइटर आला. डावा हात गळ्यात बांधलेला. माझ्यासमोर जुन्या जागी बसला आणि लिहायला लागला. एक टिकट, दुसरं टिकट. मी सह्या करत होतो. दुपारी कधीतरी त्याचा हात थांबला म्हणून मी वर पाहिलं. त्याच्यासमोर त्याचंच टिकट होतं. चौदा वर्षांचं कोरं.

आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणालो. अगदी याच शब्दांत म्हणालो.

त्याने चष्मा काढला, पुसला, लावला आणि लिहिलं. अक्षर इतरांच्या टिकटांवर होतं तसंच, ना वाकडं ना घाईचं. शाई वाळेपर्यंत धरलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी सही केली.

मग तो म्हणाला, ‘‘लिस्ट मैंने बाद में देखी थी, बाबूजी. दीवार पर टँगी थी. लकीरें बिलकुल सीधी थीं.’’

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. रेघा सरळ असाव्यात असं त्यालाही मनापासून वाटायचं, आणि त्या ऑफिसात असं वाटणारे आम्ही दोघंच होतो.

सुटका मंडळाने त्याचा कागद परत पाठवला. मुलगी भेटीला आली तेव्हा खिडकीतून ते तिला मलाच सांगावं लागलं. मी म्हणालो, अगले साल फिर लगेगा. ती म्हणाली, ‘‘हव.’’ जाताना तिने विचारलं, ‘‘पिताजी झगरा करिन का?’’ बापाने भांडण केलं का. मी म्हणालो, कागज में तो यही लिखा है.

पुढच्या वर्षी कागद लागला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग जोडजेल बंद करायचं आणि कैदी दुसरीकडे न्यायचे ठरलं. ते जायच्या थोडं आधी मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी ऑफिसने मला चौकटीत घातलेलं मानपत्र दिलं. ‘संपूर्ण सेवाकाल निष्कलंक.’ कोणाकडून लिहून घेतलं ते विचारावं लागलं नाही.

ते बायकोने बाहेरच्या खोलीत लावलं आहे. पाहुणे चहा पितापिता उठून जवळ जातात आणि म्हणतात, काय सुंदर अक्षर आहे हो, कोणाचं?

मी सांगतो, ऑफिसातल्याच एकाचं.